सोमवारी पोहणं, शनिवारी फुटबॉल आणि मधे गणपती

(आगमन-शताब्दीच्या सभेत केलेलं भाषण)



मंडळाकडून पत्र आलं तेव्हा मी मेनूथच्या घरात कपड्यांच्या घड्या घालत होते. पत्रात लिहिलं होतं, "परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींपैकी एकीने बोलावं. विषय : लहान मुलांचे शाळेनंतरचे वर्ग आणि आपले सण." नवऱ्याने वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शताब्दी कशी? पहिलं जहाज तर 1834 चं." प्रश्न बरोबर आहे. अ‍ॅटलास जहाज 2 नोव्हेंबर 1834 रोजी पोर्ट लुईला लागलं. त्यातून 36 माणसं उतरली आणि ती कलकत्त्याहून आली होती. आपली माणसं मुंबई बंदरातून आली, तीही एकदम नाही, वर्षानुवर्षं. रत्नागिरीकडची, सावंतवाडीकडची, घाटावरची. तेव्हा प्रत्येक घराचं जहाज वेगळं आणि प्रत्येक घराचं शतकही वेगळं. कुणाची शंभरी, कुणाची दीडशे. मंडळाने एक दिवस ठरवला, तो आपल्या सगळ्यांचा दिवस. मी नवऱ्याला इतकंच म्हटलं की आमंत्रण आलंय, तर हिशोब काढू नकोस.

मेनूथ कुठे आहे, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या पश्चिमेला सुमारे 25 किलोमीटरवर, किल्डेअर काउंटीत हे गाव आहे. गावाच्या एका टोकाला पडका किल्ला. त्याला लागून 1795 सालचं सेंट पॅट्रिक्स कॉलेज आणि आता विद्यापीठ. गावातून रॉयल कालवा जातो. शेजारच्या लीक्सलिपमध्ये चिप बनवण्याचा मोठा कारखाना आहे आणि आमच्यासारखी पुष्कळ भारतीय कुटुंबं त्याच्या आधाराने तिथे आली. माझा नवरा कोल्हापूरचा. तिथल्या मराठी बायका मला सुरुवातीला विचारायच्या, "तू मॉरिशसची? मग मराठी कशी बोलतेस?" मी सांगायचे की आम्ही शाळेत शिकलो, आजीकडून शिकलो आणि बैठकेत शिकलो. यातला बैठक हा शब्द त्यांना कळायचा नाही. त्या शब्दाकडे मी परत येणार आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी इथे उपदेश करायला आलेय असं कुणाला वाटणार नाही.

2024 साली आमची लेक सहा वर्षांची होती. तिचा आठवडा असा असायचा : सोमवारी पोहणं, मंगळवारी मोकळी, बुधवारी आयरिश नाच, गुरुवारी टिन व्हिसल, म्हणजे छोटी पत्र्याची बासरी, शुक्रवारी चित्रकला आणि शनिवारी सकाळी गेलिक फुटबॉल. पहिलीतलं मूल. शाळा दुपारी सुटते आणि आई-बाप दोघंही कामाला, म्हणून एक-एक वर्ग आम्हीच जोडत गेलो. प्रत्येक वर्गाचं कारण त्या वेळी पटलेलं होतं. पाण्याच्या देशात राहतो, पोहायला यायलाच हवं. नाचात तिची मैत्रीण होती. बासरी शाळेतल्या बाईंनी सुचवली. फुटबॉल मात्र तिने स्वतः मागितला होता. हे मी तेव्हा नीट लक्षात घेतलं नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी आली. त्याच शनिवारी सकाळी दहा वाजता लहान मुलींचे सामने होते. आसपासच्या तीन-चार क्लबांच्या मुली येणार होत्या. तिला पहिल्यांदा जर्सी मिळाली होती. ती आदल्या रात्री जर्सी घालूनच झोपली.

आणि मी सकाळी सांगितलं, आज जायचं नाही, आज बाप्पा येणार.

ती रडली. मी समजावलं, मग रागावले. अंघोळ घालून परकर-पोलकं नेसवून पाटासमोर बसवलं. फोन लावून ठेवला होता, पलीकडे व्हाकोआत माझी आई आणि सगळं घर. आई आरती म्हणत होती, मी म्हणत होते आणि लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. आरती संपल्यावर आई फोनवरून म्हणाली, "बाळा, बाप्पाला नमस्कार कर." लेक म्हणाली, "मला बाप्पा आवडत नाही."

तिने ते मराठीत म्हटलं. इंग्रजीत म्हटलं असतं तर मी फोन बंद पडला असं सांगून वेळ मारून नेली असती. व्हाकोआतल्या त्या खोलीत माझ्या तीन मावश्या बसल्या होत्या. त्यातल्या दोघी आज इथे आहेत.

त्या दिवशी मी मोदक केले, ते कुणी धड खाल्ले नाहीत. संध्याकाळी नवरा म्हणाला, "पण पूजा सकाळी नऊलाच का होती?" मी म्हटलं, मुहूर्त होता. तो म्हणाला, "कुठला मुहूर्त? गणपती मध्यान्हीला बसवतात. मेनूथची मध्यान्ह दुपारी दीडच्या आसपास असते."

तो बरोबर होता. मॉरिशसचं घड्याळ उन्हाळ्यात आयर्लंडच्या तीन तास पुढे. इथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजून गेलेले असतात. मी माझ्या आईचा मुहूर्त धरला होता. सामने साडेअकराला संपले. घरी येऊन, चिखलाचे पाय धुऊन, मुलीला गणपती बसवायला दोन तास मिळाले असते. देवाची काही अडचण नव्हती. मला आईबरोबर एकाच क्षणी आरती म्हणायची होती, इतकंच. माझी घरची ओढ मी तिच्या जर्सीवर लादली आणि वर बाप्पाचं नाव सांगितलं. सहा वर्षांच्या मुलीने दोष ज्याचं नाव ऐकलं त्याला दिला. तिचं काय चुकलं?

हे मी आईला पुष्कळ दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आई हसली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. ती मी कधी ऐकली नव्हती, म्हणजे बहुतेक ऐकली असेन आणि सोडून दिली असेन.

आपल्याकडे भाद्रपद म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. कूप चालू. आईच्या आजोबांच्या वेळी कोठीवर डबल कटचा नियम होता. तरुण मुलांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. एक दिवस कामाला गेलं नाही तर त्या दिवसाचा पगार तर जायचाच, वर आणखी एका दिवसाचा कापायचे. महिन्याला पाच रुपये आणि शिधा, त्यातून ही कापाकापी. आजारी पडलं तरी, कुणी मेलं तरी आणि सण आला तरी. मग माझ्या पणजोबांच्या घरी गणपती कधी बसायचा? आई म्हणाली, "दिवे लागल्यावर. उसातून माणसं परत आली, नदीवर अंग धुतलं की मग. माझी आजी सांगायची, तिने लहानपणी उजेडात बसवलेला गणपती कधी पाहिलाच नाही. मुहूर्त पंचांगात होता. आपल्याकडे सरदाराची शिट्टी होती."

आणि मग आई म्हणाली, "तुझ्या पणजोबांनी कोठीवाल्याच्या वेळेपुढे देवाची वेळ बदलली. तू पोरीच्या खेळापुढे बदलली असतीस तर काय देव रागावला असता?"

मला यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

आता बैठकेबद्दल. या सभागृहात पांढरे केस आहेत, त्यांना बैठक काय ते सांगायला नको. गवताने शाकारलेली खोली, रॉकेलचा दिवा, पाटी आणि दिवसभर उसात राबून आलेला कुणीतरी जरा शिकलेला माणूस. संध्याकाळी मुलं जमायची, अक्षरं गिरवायची. गांधीजी 1901 साली दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना जवळजवळ तीन आठवडे या बेटावर होते. मुलांना शिकवा, असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. पण शिकवायचं कुठे? बैठकेत. तेव्हा मी म्हणते की आपल्या मुलांचा शाळेनंतरचा पहिला वर्ग बैठकच होता. आपण "हल्लीच्या मुलांना किती क्लासेस" म्हणून उसासे टाकतो, पण कामानंतर, शाळेनंतर संध्याकाळी मुलांना कुठेतरी पाठवणं हा आपला जुना धंदा आहे.

फरक एवढाच की बैठकेत अक्षरं आणि सण एकाच खोलीत असायचे. जिथे बाराखडी गिरवायची तिथेच झाकरीची तालीम. जो बाराखडी शिकवायचा तोच ढोलकी वाजवायचा. नागपंचमीला काय करायचं, गणपतीची वर्गणी कोण गोळा करणार, हे मुलांच्या देखत ठरायचं. मुलाला "आज वर्ग बुडवून सणाला ये" असं सांगायची वेळच यायची नाही. 1896 साली कास्कावेलला पहिला गणपती बसला असं आपण मानतो. तो गणपती त्या घरापुरता राहिला नाही, याचं बरंचसं श्रेय मी या अशा खोल्यांना देईन. इतिहासकार कदाचित दुसरं काही सांगतील.

मेनूथमध्ये आमचं सगळं वेगवेगळ्या खोल्यांत आहे. पोहणं एकीकडे, नाच दुसरीकडे, बासरी तिसरीकडे आणि मराठी फक्त माझ्या स्वयंपाकघरात, तेही मी दमलेली नसले तर.

पण एक गोष्ट मला तिथे राहून हळूहळू कळली. ज्या फुटबॉलला मी परक्याचा वर्ग समजत होते, तो त्या लोकांची बैठकच आहे. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन 1884 मध्ये थर्ल्स गावी स्थापन झाली. इंग्रजांचे खेळ मुलांना गिळून टाकतील म्हणून आपले जुने खेळ जपायला. आजही तिथे मोठमोठे खेळाडू पगार घेत नाहीत. दिवसा शाळेत शिकवतात नाहीतर बँकेत काम करतात आणि संध्याकाळी खेळतात. क्लब गावाचा असतो, तुम्ही राहता ते गाव. शनिवारी लहान मुलींना शिकवणारे सगळे कुणाचे तरी आई-बाप. आणि भाषेचं म्हणाल तर कॉन्रा ना ग्वेल्गे, म्हणजे आयरिश भाषेची संस्था, 1893 ची. त्याच वर्षी पुण्यात टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला हात घातला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांचं राज्य एकाच राणीचं होतं आणि दोघांनाही एकाच वेळी वाटलं की आपलं काहीतरी निसटतंय.

त्यांच्याकडेही चोरून शिकण्याचा काळ होऊन गेला. 1695 पासून कॅथलिकांना शाळा चालवायला कायद्याने बंदी होती, म्हणून मुलं कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, झोपडीत शिकायची. त्याला ते कुंपण-शाळा म्हणतात. मी एकदा लेकीच्या शाळेत एका आजीबाईंना बैठक म्हणजे काय ते सांगत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांनी मान हलवली.

आणि तो कालवा. मी दररोज स्टेशनला जाताना त्याच्या काठाने जाते. 1847 च्या दुष्काळात स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने आपली 1,490 कुळं, बायका-मुलांसकट, घराबाहेर काढली. ती माणसं या कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत पायी गेली, तिथून लिव्हरपूल आणि मग कॅनडाच्या जहाजात. त्यांच्या आठवणीसाठी त्या वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांचे ब्राँझचे बूट ठेवलेत. लेक पाच वर्षांची असताना तिने एका बुटात हात घालून बघितला आणि विचारलं, "याचा पाय कुठे गेला?" मी तिला त्या मुलांची गोष्ट सांगितली आणि मग आप्रवासी घाटाची, त्या सोळा पायऱ्यांची. त्यातून तिने जोडून टाकलं की पणजोबा कालव्याने चालत मॉरिशसला गेले. मी अजून दुरुस्त केलेलं नाही. मोठी झाली की नकाशा बघेल.

तर मग आम्ही काय केलं? कारण मंडळाच्या पत्रात "अनुभवातून मार्गदर्शन करावं" असंही एक वाक्य होतं.

पहिलं, वर्ग कमी केले. चित्रकला आणि बासरी बंद. नाच वर्षभराने बंद केला. त्याला कारण सणांचं नव्हतं. नाचाच्या स्पर्धा शनिवार-रविवारी असतात, विग आणि पोशाखांचा खर्च फार, आणि तिला तो पाय उचलून हात गच्च धरून नाचण्याचा प्रकार आवडत नव्हता. तिला हात हलवायचे होते. पोहणं ठेवलं, कारण ते मी ठेवलं. फुटबॉल ठेवला, कारण तो तिचा आहे. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार मोकळे. पहिले दोन आठवडे आम्हालाच करमेना. मग कळलं की मोकळ्या दुपारीच मूल स्वयंपाकघरात येतं आणि "हे काय करतेस" विचारतं. वर्गाला जायची घाई असली की ते गाडीच्या मागच्या सीटवर सँडविच खातं आणि काही विचारत नाही.

दुसरं, सणही कमी केले. हे ऐकून काही जणांना वाईट वाटेल. मी आधी सगळे सण करायचे ठरवलं होतं. पाडवा, वटपौर्णिमा, नागपंचमी, नारळी पौर्णिमा, मंगळागौर, गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, शिवरात्र. दर महिन्याला एक अर्धवट सण आणि दर महिन्याला माझी चिडचिड. आता तीन सण पुरे करतो : गणपती, दिवाळी, पाडवा. बाकीच्या दिवशी देवापुढे दिवा आणि काहीतरी गोड, बस. इथे मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी आहे, शेजारचा तमिळ, शेजारचा मुसलमान, शेजारचा क्रिओल, सगळ्यांना माहीत असतं की आज मराठ्यांचा दिवस. रस्त्यावरूनच सण घरात येतो. तिथे सण रस्त्यावर नाही. जे काही आहे ते दोन माणसांनी आपल्या हातांनी उभं करायचं, कामावरून आल्यावर. दोन माणसांना अकरा सण झेपत नाहीत.

तिसरं म्हणजे तारखा. आपल्या तिथ्या सरकतात, हे तिथल्या माणसांना समजत नाही, कारण त्यांचा नाताळ हलत नाही. ईस्टर मात्र सरकतो. हे मी फुटबॉलच्या मार्गदर्शकांना सांगितलं तेव्हा त्यांना लगेच कळलं : "अच्छा, चंद्राचं आहे." आता जूनमध्येच पुढच्या वर्षाच्या तारखा शाळेला आणि क्लबला पाठवते. 2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, ऐन शाळेच्या मध्यसुट्टीत आलं. आमची चैन झाली. 2025 चं 21 ऑक्टोबरला, सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात, तर मी एक दिवस रजा मागितली आणि मिळाली. यंदा अधिक ज्येष्ठ होता, म्हणून सगळंच उशिरा : गणपती 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. शाळा नाही म्हणत नाही. त्यांना फक्त आधी कळायला हवं असतं. आदल्या रात्री निरोप पाठवला की त्यांच्याही कपाळाला आठ्या पडतात. आठ्या माझ्याही पडल्या असत्या.

दिवाळीचं तिथे फार बरं आहे. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. मुलं जागी असतानाच दिवे लावता येतात. फटाके सामान्य माणसाला उडवायची परवानगीच नाही, तेव्हा तो वादही संपला. आणि त्याच सुमाराला हॅलोवीन. तो सण मुळात त्यांचाच, साउअन नावाचा जुना. मुलं दारोदार फिरून खाऊ मागतात. आमच्या दारी पणत्या लावलेल्या असल्या तर त्या सजावटीतल्याच समजतात. मी चॉकलेटबरोबर शंकरपाळे ठेवते. बऱ्याच मुलांना आवडतात. एकाने कुत्र्याला दिले.

आता 2025 चा गणपती. तो 27 ऑगस्टला, बुधवारी होता. शाळा नुकतीच उघडत होती. या वेळी मूर्ती आम्ही घरी केली. लेकीने सोंड केली ती सारखी गळून पडायची. तीन वेळा गळली. शेवटी तिने ती पोटाला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "बाप्पा दमलेत." जास्वंद तिथे मिळत नाही, शेजारच्या कुंपणावर लाल फ्युशियाची फुलं लटकतात, ती विचारून आणली. दूर्वांच्या नावाने आयर्लंडचं गवत. आईने फोनवर बघून नाक मुरडलं, मग म्हणाली, "पणजोबांनी पण जे मिळालं तेच वाहिलं असेल." मोदकांना गोठवलेला नारळ आणि आशियाई दुकानातलं तांदळाचं पीठ. उकड पहिल्या वेळी फुटली. लेकीने पाच कळ्यांचे मोदक केले, माझे अकरा कळ्यांचे. तिने स्वतःचे वेगळ्या ताटलीत ठेवले आणि कुणाला हात लावू दिला नाही.

गणपती संध्याकाळी बसवला, आम्ही दोघंही कामावरून आल्यावर, दिवे लागणीला. मुद्दाम नाही, तेवढाच वेळ होता. पण आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. तिथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ती आणि मावश्या जाग्या राहिल्या होत्या.

विसर्जन आम्ही अकराव्या दिवशी केलं, 6 सप्टेंबरला. तो शनिवार होता. सकाळी फुटबॉल झाला. लेकीने तिच्या संघातल्या चार मुलींना बोलावलं होतं आणि मला सांगितलं होतं सकाळी अकराला. पाच चिखलाने माखलेल्या मुली दारात. कालव्यात मूर्ती सोडत नाही, तिथे मासे आणि पाणकोंबड्या आहेत, आणि माती म्हटली तरी रंग लावलेला होता. अंगणात बादली ठेवली. विसर्जनाआधी झाकरी करू, असं मीच म्हटलं. मला ती अर्धीमुर्धी येते. ढोलकी नव्हती, नवऱ्याने पिठाचा डबा वाजवला. मी गोल करून पावलं दाखवली. त्यातल्या दोघी आयरिश नाचाच्या वर्गाला जाणाऱ्या. त्यांचे पाय इतके पटकन बसले की मीच मागे पडले. हात मात्र त्यांचे अंगाला चिकटलेले. माझी लेक ओरडली, "हात! हात हलवा!" नाच सोडला होता, पण तिने राग मनात ठेवला होता.

मग बाप्पा बादलीत गेले. सोंड सगळ्यात आधी विरघळली. एका मुलीने विचारलं, आता ते कुठे गेले? माझी लेक म्हणाली, "आजीकडे. मॉरिशसला. कालव्याने." ते पाणी आम्ही सफरचंदाच्या झाडाला घातलं.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. याच मार्चमध्ये पाडव्याला तिने गुढीला हात लावला नाही, कारण त्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस होता. मी तिला वाढदिवसाला पाठवलं आणि गुढी एकटीने उतरवली. मराठी वाचायला ती अजून तयार नाही. बोलते, पण वाक्याचा शेवट इंग्रजीत करते. मला दर आठवड्याला वाटतं की हे तिच्याबरोबर संपणार. मग वाटतं, मुंबई बंदर सोडताना माझ्या पणजोबांच्या आईलाही असंच वाटलं असणार. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या आहेत, त्यात आमच्या पणजोबांची ओळ आहे : नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण. नाव असं काही लिहिलंय की मोठ्याने वाचल्याशिवाय मराठी वाटत नाही. परवा तिला घेऊन गेले होते. तिने बोट ठेवून वाचलं, इंग्रजी अक्षरं असल्यामुळे वाचता आलं. मग म्हणाली, "उंची माझ्यापेक्षा थोडीच जास्त आहे."

यंदाची चतुर्थी सोमवारी आहे, पोहण्याच्या दिवशी. मागच्या आठवड्यात मी विचारलं, काय करायचं? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पोहणं चार वाजता असतं, साडेपाचला घरी येऊ, बाप्पांना तोपर्यंत थांबायला सांग. आणि या वेळी सोंड तूच कर, माझी पडते.